वळणाऱ्याला अडवताना

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दीड तास एका साखळीवर चर्चा झाली. एरंडवण्यातली आमची गल्ली टेकडीच्या पायथ्याशी जाऊन संपते आणि तिच्यातले शेवटचे फाटक आमचे आहे. पत्ता शोधणारा पाहुणा, कुरिअरचा मुलगा, मोबाइलमधल्या नकाशावर विसंबून आलेला रिक्षावाला, असे सगळे आमच्या फाटकापाशी येऊन थबकतात, पुढे वाट नाही हे त्यांच्या ध्यानात येते, मग ते गाडीचे नाक आमच्या उतारावर चढवतात, मागे घेतात आणि निघून जातात. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. या उतारावर दोन लोखंडी खांब रोवून साखळी लावावी, असा ठराव होता. ठरावाच्या बाजूचे म्हणत होते, ‘जागा आमची आहे, कोणाला येऊ द्यायचे ते आम्ही ठरवू.’ विरोधातले म्हणत होते, ‘एवढीही माणुसकी उरली नाही का?’ ही दोनच वाक्ये दीड तास आवाज चढवून आणि उतरवून म्हटली गेली, आणि शेवटी चहा गार झाला म्हणून सभा संपली. हा वाद केवळ आमच्या सोसायटीचा नाही. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांपासून सहकारनगर आणि कोथरूडपर्यंत ‘येथे गाडी वळवू नये’ ही पाटी आता ‘फाटकासमोर गाडी लावू नये’ या जुन्या पाटीच्या शेजारी सर्रास दिसू लागली आहे, आणि ती लावणारे व तिच्यावर चिडणारे हे दोघेही मला चुकीच्या मुद्द्यावर भांडत असल्यासारखे वाटतात.

माझे मत आरंभीच सांगतो. अनोळखी माणसाला आपल्या आवारात गाडी वळवू न देण्याचा अधिकार मालकाला निर्विवाद आहे, आणि तरीही तो अधिकार वळणाऱ्यावर बजावणे अयोग्य आहे, शिवाय ज्या हेतूने तो बजावला जातो तो हेतूही त्याने साधत नाही. पहिल्या विधानाने माणुसकीवाले नाराज होतील आणि दुसऱ्याने मालकीवाले, परंतु ही दोन विधाने एकमेकांच्या विरोधात नाहीत. एखादी गोष्ट करण्याचा हक्क असणे आणि ती करणे शहाणपणाचे असणे यांत फरक असतो, हे आपण घरातल्या भांडणांत रोज अनुभवतो. सोसायटीच्या सभेत मात्र विसरतो.

घोळाचे मूळ माझ्या मते असे आहे की, गाडी वळवणे हा प्रकार आपण गाडी लावण्याचाच धाकटा भाऊ समजतो. पुणेकराला फाटकासमोर लावलेल्या गाडीचा जो संताप आहे तो पूर्णपणे रास्त आहे. कोणीतरी तुमच्या दारात गाडी लावून लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला जातो तेव्हा तो तुमची जागा वापरत नसतो, तुमच्याकडून हिरावून घेत असतो. तो परत येईपर्यंत तुमची गाडी आत अडकलेली असते. वळणारा काहीही हिरावून घेत नाही. तो गेल्यानंतर उतार जसाच्या तसा तुमचा असतो. शेतीच्या व्यवहारात हा भेद आपल्या आजोबा-पणजोबांना चांगलाच ठाऊक होता. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर चालत असे, कोर्टकज्जे होत असत. पण बांधावरून बैल घेऊन जाणाऱ्याला कोणी चोर म्हणत नसे. वाट अडवल्याच्या तक्रारी ऐकण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ तर दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दीवरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदाराला देते. म्हणजे खाजगी जमिनीची मालकी आणि तिच्यावरून कोणीतरी जाणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे मराठी मुलखाला नव्याने शिकवण्याची गरज नाही. गावाकडची जमीन विकून शहरात सदनिका घेताना हा समज मात्र सातबाऱ्याबरोबर तिकडेच राहिला असावा.

आता विरोधी बाजूचे म्हणणे, आणि ते तिच्या सर्वांत भक्कम रूपात. माणुसकीचा उपदेश करणारे बहुधा गल्लीच्या मध्यावर राहतात. वळणाऱ्याचा भार सगळ्या गल्लीवर सारखा पडत नाही, तो शेवटच्या घरावर पडतो. दिवसाला तीस-चाळीस गाड्या एकाच उतारावर चढू-उतरू लागल्या की पेव्हिंग ब्लॉक खचतात, फरशीचे कोपरे उडतात, आणि त्याचा खर्च वळून गेलेल्यांपैकी कोणीही देत नाही. रात्री साडेअकराला हेडलाइटचा झोत तळमजल्याच्या शयनगृहातून एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर फिरतो. त्यातच काही टेम्पोंना मागे घेताना वाजणारी धून बसवलेली असते. आमच्या तळमजल्यावरच्या आजींना ती धून आता तोंडपाठ झाली आहे आणि त्यांना ती अजिबात आवडत नाही. या तक्रारींना ‘थोडे सहन करा’ असे उत्तर देणे हा उर्मटपणा आहे. दुसऱ्याच्या फरशीवर उदार होणे फार सोपे असते.

त्याहून गंभीर मुद्दा मुलांचा. फाटकाच्या आत-बाहेर सायकल चालवणारे पाच वर्षांचे मूल मागे येणाऱ्या गाडीच्या आरशात दिसतेच असे नाही. साखळीच्या बाजूने बोललेल्या एका आईचे म्हणणे मी सभेत ऐकले आणि त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. घरी येऊन विचार केला तेव्हा ध्यानात आले की, हाच मुद्दा साखळीच्या विरोधातला सर्वांत मोठा मुद्दा आहे. साखळी लावल्याने गल्लीत येणाऱ्या गाड्या कमी होतील काय? त्या का येतात ते पाहा. गाडी लावणारा तुमची सोय पाहून येतो. आज ढिलाई दिसली तर उद्या तो चार मित्रांना घेऊन येईल, म्हणून तिथे कडकपणा उपयोगी पडतो. वळणारा मात्र तुमच्या उदारपणाची कीर्ती ऐकून आलेला नसतो. तो चुकून आलेला असतो, किंवा गल्लीतल्याच कोणाचे तरी पार्सल घेऊन आलेला असतो, आणि साखळी आहे की नाही हे त्याला फाटकापाशी पोहोचेपर्यंत कळतच नाही. म्हणजे साखळीने येणारे थांबत नाहीत, फक्त त्यांचे परत जाणे अवघड होते.

किती अवघड, त्याचा हिशेब करून पाहू. आमची गल्ली सहा मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात; प्रत्येकी पावणेदोन मीटर धरले तर मधे अडीच मीटरचा पट्टा उरतो. अगदी छोट्या गाडीची वळण-त्रिज्या पावणेपाच मीटरच्या आसपास असते, म्हणजे एका दमात वळायला तिला साडेनऊ मीटर रुंदी हवी. पुढे-मागे करत वळायचे तरी कुठेतरी नाक खुपसायला जागा लागतेच, आणि ती जागा म्हणजे कोणाचा तरी उतार. तो बंद केला की एकच मार्ग उरतो: सबंध गल्ली उलटी पार करणे. तीन महिन्यांपूर्वी आमच्या आधीच्या बंगल्याने आपल्या उतारावर सिमेंटने भरलेले रंगाचे डबे मांडले, आणि नेमका त्याच दिवशी आमच्या फाटकासमोर पाण्याचा टँकर उभा होता. गॅस सिलिंडरचा टेम्पो तेव्हा सव्वाशे मीटर मागे-मागे गेला. चालकाचे डोके खिडकीबाहेर, हेल्पर मागे हात हलवत धावतोय, शाळेच्या रिक्षातून उतरलेल्या दोन मुली भिंतीला चिकटून उभ्या, आणि वाटेत एका स्कूटरचा आरसा तुटून नालीत पडला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी जे उपाय सुचवले जात आहेत, त्यांचे दृश्य रूप हे असे आहे. एका फाटकासमोरचा अर्ध्या मिनिटाचा धोका टाळण्यासाठी तो वीस फाटकांसमोरून पाच मिनिटे ओढत नेणे, याला सुरक्षितता म्हणायचे का?

यानंतर येतो उंबरठ्याचा प्रश्न. ‘विचारून तरी वळावे’ असे म्हणणाऱ्यांचे दुःख फरशीचे नसते, मानाचे असते. या भावनेला पुण्यात हसण्यावारी नेऊ नये. १८९७ च्या प्लेगात या शहराच्या घराघरांत सोजीर शिरले, देवघरांपर्यंत गेले, आणि त्या वर्षीच्या २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्यामागच्या संतापात उंबरठा ओलांडला गेल्याची जखम फार मोठी होती. न विचारता आत येणे ही क्षुल्लक बाब नव्हे, हे मला मान्य आहे. पण हेही पाहावे लागेल की, आपल्या परंपरेत घराला एकच उंबरठा कधीच नव्हता. पेठांतल्या वाड्याला आधी दिंडी दरवाजा, मग देवडी, मग चौक, मग ओसरी, मग माजघर, मग देवघर. भाजीवाली चौकापर्यंत येई, सावकाराचा कारकून ओसरीपर्यंत, आणि माजघरात घरचे. कोणत्या माणसाने कुठवर यायचे याचे तारतम्य वाड्याच्या रचनेतच होते. कित्येक वाड्यांना दोन रस्त्यांवर दोन दारे होती आणि दिवसा त्यांतून आळीतली माणसे बोळासारखी ये-जा करत. फाटकाबाहेरच्या उताराला देवघराचा दर्जा देणे हे परंपरेचे रक्षण नव्हे. ती परंपरा सपाट करून टाकणे आहे.

आणि मुळात तो उतार आपला आहे काय? ही गोष्ट सभेत कोणीच काढली नाही, कारण ती सगळ्यांनाच गैरसोयीची आहे. बहुसंख्य इमारतींत प्लॉटची हद्द म्हणजे कुंपणाची भिंत. फाटकातून रस्त्यावर उतरणारा काँक्रीटचा उतार त्या हद्दीच्या बाहेर, म्हणजे पदपथावर किंवा रस्त्याच्याच जमिनीवर ओतलेला असतो. आमचा तसाच आहे. नकाशा काढून पाहिला. चालणाऱ्याला पदपथावरून खाली उतरायला लावून आपण गाडीसाठी ती चढण बांधली, आणि आता तीच सार्वजनिक जमीन खाजगी म्हणून साखळीने बंद करायला निघालो. फाटकाच्या आत शिरणाऱ्याविषयी मालकीची भाषा बोला, ती मला पटेल. फाटकाबाहेरच्या दीड मीटरविषयी ती बोलणे हे, सौम्य शब्दांत सांगायचे तर, अतिक्रमणच आहे.

फाटकाच्या आतल्या जागेबद्दल एक भीती हमखास बोलून दाखवली जाते: ‘आज वळू दिले तर उद्या वहिवाट पडेल.’ हा युक्तिवाद करणारे गृहस्थ बहुधा निवृत्त असतात, त्यांच्या हातात फाइल असते, आणि सभेवर त्यांचा चांगलाच वचक असतो. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट पाहिले पाहिजे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वहिवाटीने हक्क मिळवायचा तर तो वापर वीस वर्षे, उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून झालेला असावा लागतो. शिवाय कलम ४ प्रमाणे असा अधिकार एखाद्या जमिनीच्या मालकाला वा भोगवटादाराला आपल्या जमिनीच्या उपभोगासाठी मिळतो. कुरिअरच्या मुलाची आमच्या गल्लीत कोणती जमीन आहे? रस्ता चुकलेला माणूस वीस वर्षे अखंड चुकत राहील काय? भीती खरी असलीच तर ती शेजारच्या प्लॉटवाल्याची, आणि तिच्यावरचा उपाय साखळीच्या नेमका उलटा आहे. परवानगीने होणारा वापर हा हक्क म्हणून केलेला वापर ठरत नाही. तो केवळ अनुज्ञप्ती असतो, जी याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये सांगितली आहे आणि जी देणारा साधारणपणे केव्हाही मागे घेऊ शकतो. म्हणजे ‘येथे गाडी वळवू नये’ अशी पाटी लावून तिच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होऊ देणाऱ्या मालकापेक्षा ‘गाडी वळवण्यास परवानगी आहे’ अशी पाटी लावणारा मालक कायद्याने अधिक सुरक्षित असतो. आपली पुणेरी पाटी कायद्याच्या दृष्टीनेही परवानगीच्या बाजूला अधिक कामाची ठरावी, यातली गंमत त्या फाइलवाल्या गृहस्थांनाही आवडायला हरकत नाही.

‘पोलिसांत देऊ’ ही धमकीही तपासून पाहावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये फौजदारी अतिक्रमणासाठी हेतू आवश्यक मानला आहे: गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा. जुन्या दंड संहितेच्या कलम ४४१ मध्येही तेच होते. वळणाऱ्याचा हेतू एकच असतो, आणि तो म्हणजे तुमच्या दारातून लवकरात लवकर निघून जाणे. त्याला थांबवून जाब विचारणारा मनुष्य खरे म्हणजे त्याचा मुक्काम वाढवत असतो.

मालकीचा विचार एकदा भीतीशी जोडला गेला की तो कुठवर जाऊ शकतो, याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेत घडले. २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात काही तरुण मित्राचे घर शोधताना रात्री चुकीच्या आवारात शिरले. चूक लक्षात येऊन गाड्या वळवून ते परत निघालेले असताना घरमालकाने गोळ्या झाडल्या आणि त्यांतली वीस वर्षांची मुलगी मरण पावली. पुढच्या वर्षी ज्युरीने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवले आणि पंचवीस वर्षे ते आजन्म अशी शिक्षा झाली. आपल्याकडे घरोघरी बंदुका नाहीत, आणि साखळी लावणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांची तुलना त्या माणसाशी करणे अन्यायाचे होईल. दाखवायचे एवढेच आहे की, जिथे मालमत्तेच्या हक्काचा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त अभिमान बाळगतात, तिथेही वळून परत जाणाऱ्याला शत्रू समजण्याची सबब ज्युरीने मानली नाही.

मालकी म्हणजे अडवण्याचा अधिकार, ही व्याख्या अपुरी आहे. मालकी म्हणजे उघडण्याचाही अधिकार. १८६८ मध्ये महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा त्यांनी मालकी सोडली नव्हती, बजावली होती. एवढ्या मोठ्या कृत्याचा दाखला गाडीच्या वळणासाठी देताना मला संकोच वाटतो. तिथे माणसाच्या प्रतिष्ठेचा आणि तहानेचा प्रश्न होता, इथे दोन चाके उतारावर चढवण्याचा. मात्र ‘जागा आमची आहे’ हे वाक्य पूर्ण करण्याच्या दोन रीती असतात, आणि या शहराला दुसरी रीत परकी नाही, एवढे त्यावरून म्हणता येईल.

तरीही शेवटच्या घराने सगळ्यांचा भार का उचलावा, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि त्याचे उत्तर वळणाऱ्याकडे मागणे व्यर्थ आहे. अंध गल्ली आखताना तिच्या टोकाला वळण्यासाठी मोकळी जागा ठेवावी लागते. राष्ट्रीय इमारत संहितेत ती किमान ८१ चौरस मीटर आणि कोणत्याही बाजूने ९ मीटरपेक्षा कमी नसावी, असे सांगितलेले आहे. याचा अर्थ, वळण्याची सोय ही रस्त्याचाच भाग आहे, शेजाऱ्याने करायची मेहरबानी नव्हे, हे आखणी करणाऱ्यांना पूर्वीपासून कळत होते. ती सोय जिथे नाही तिथे तिचा भार नकळत शेवटच्या फाटकावर लादला जातो, आणि मग दोन नागरिक उतारावर भांडत राहतात. दुसरा उपाय तर फारच स्वस्त आहे. ‘पुढे रस्ता बंद’ ही पाटी शेवटच्या फाटकावर लावून काय उपयोग? ती गल्लीच्या तोंडाशी हवी, म्हणजे निम्मे लोक आत शिरणारच नाहीत. फाटकांवर पाट्यांची एवढी हौस असलेल्या शहरात गल्ल्यांच्या तोंडाशी ही एक पाटी शोधावी लागते.

सभेनंतर चार दिवसांनी मी आमच्या भागाचा जुना मंजूर नकाशा एका वास्तुविशारद मित्राकडे बसून पाहिला. आमच्या गल्लीच्या टोकाला वळणाची जागा होती, आणि अजूनही आहे: आमच्या फाटकाच्या उजवीकडे, गुलमोहराखाली, जिला आम्ही सगळे गेली पंधरा वर्षे ‘एक्स्ट्रा पार्किंग’ म्हणतो. तिथे आमच्या सोसायटीच्या चार गाड्या असतात, बहुतेक आठवडाभर जागच्या न हललेल्या. त्यांतली राखाडी कव्हरची माझी आहे. रविवारी मी ती तिथून काढून आत, माझ्या नेमून दिलेल्या जागेत लावली. आत पूर्वी माझी स्कूटर, मुलाच्या दोन सायकली आणि एक मोडका कूलर होता, तो भंगारात दिला. उरलेल्या तीन गाड्यांबाबतचे पत्र सचिवांकडे दिले आहे. साखळीच्या ठरावाच्या आधी ते वाचून दाखवावे, अशी विनंती त्यात केली आहे.